तिसरी जेन

भिंतीवर पाटी लावायची म्हणजे काय, तर दोन भोकं पाडायची, दोन स्क्रू पिळायचे आणि चहा प्यायचा. हे मत माझं नाही, आमच्या शेजारच्या डेरेक ओलरनशॉचं आहे. डेरेकने चाळीस वर्षं प्लंबिंग केलं, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण दोन स्क्रूंनी सुटते असं तो मानतो. मलाही त्या दिवशी ते पटलं. पुढे त्या पाटीपायी माझे चौदा महिने गेले, एक ऐतिहासिक बरणी फुटली, एका ऐतिहासिक टेबलाचं कायमचं वाटोळं झालं आणि नेदरक्लफ गावातल्या निम्म्या सभ्य माणसांनी मला पाहून रस्ता ओलांडायला सुरुवात केली. पाटी हाताच्या पंजाएवढी होती.

सुरुवात आईच्या वाढदिवसाने झाली. तिला ब्याण्णव पूर्ण झाली आणि केक कुठे कापायचा यावर घरात चर्चा चालली होती. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "लार्चमाउंटला चल. तिथे स्कोन चांगले मिळतात." चार वर्षं मी हे म्हणत होतो आणि चार वर्षं आई गुडघ्याचं कारण सांगत होती. या खेपेला ती म्हणाली, "बरं, चल. आता नाही तर कधी?"

लार्चमाउंट म्हणजे आमच्या गावाची शान. ब्लँकेटांच्या गिरणीवाल्या ड्रान्सफील्डांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेला बंगला. आता त्याचं संग्रहालय केलंय आणि घर जसंच्या तसं ठेवलंय. अगदी जसंच्या तसं. म्हातारे ड्रान्सफील्ड ज्या दिवशी गेले त्या दिवशी त्यांचा चष्मा पुस्तकावर होता, तो अजून त्याच पानावर आहे. बुधवारी आणि रविवारी मी लोकांना हे घर दाखवतो. फुकट. पाणीखात्यात पस्तीस वर्षं मीटर वाचल्यावर माणसाला काहीतरी भव्य करावंसं वाटतं. त्या स्वयंपाकघरातली लोखंडी चूल मी स्वतः काळी पॉलिश लावून घासतो आणि तिच्यात तुम्हाला तुमचं तोंड दिसलं नाही, तर दोष तुमच्या तोंडाचा आहे. मला या घराचा अभिमान आहे आणि मी तो कुणापासून लपवत नाही.

तर त्या रविवारी मी हॅलिफॅक्सहून आलेल्या बारा निवृत्त मंडळींना घेऊन खाली स्वयंपाकघरात उतरलो. मागे आई, काठी टेकत. तिथल्या भिंतीवर लाकडी चौकटीत एक मोठा फलक आहे, 'एकनिष्ठ जेन'. तो वाचून दाखवताना माझा आवाज आपोआप खाली येतो. हे मी मुद्दाम करत नाही, पण लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं.

"आणि याच चुलीपुढे," मी म्हणालो, "बावीस वर्षं, एकाच घरात, एकाच निष्ठेने राबली ती आपली जेन."

"काहीतरीच काय सांगतोस त्यांना," मागून आई म्हणाली.

बाराही माना वळल्या. आई चुलीकडे बघत उभी होती. "जेन एक नव्हती रे. चार होत्या. पाच-सहा वर्षांत एक जायची, दुसरी यायची. तिसरी माझी आजी."

माझी पणजी कुठल्याशा मोठ्या घरी कामाला होती एवढं मला ठाऊक होतं. ते घर हे होतं, हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी जिच्या चुलीला पॉलिश करत होतो ती माझ्याच पणजीची चूल निघाली. काखेत कळसा म्हणतात तो हा.

आईने मग हॅलिफॅक्सच्या मंडळींना सगळं सांगितलं. मी गाईड, पण मला कुणी विचारेना. आजी पंधराव्या वर्षी या मागच्या दाराने आत आली. ड्रान्सफील्डांच्या थोरल्या बाईसाहेबांनी नाव विचारलं. ती म्हणाली, केटुरा सग्डन. बायबलातलं नाव. आमच्या चॅपलच्या, म्हणजे साध्या प्रार्थनाघराच्या, मंडळींना असली नावं फार प्रिय. बाईसाहेब म्हणाल्या, "मोलकरणीला एवढं मोठं नाव कशाला? आमच्याकडच्या मुलीचं नाव जेन असतं." झालं. सहा वर्षं ती जेन. घरात जेन, जनगणनेत जेन, सोडताना मिळालेल्या शिफारसपत्रातही जेन. आणि पत्रात जेन म्हणून पुढच्या घरीही जेन. लग्न झाल्यावर तिने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर आपल्या सगळ्या वस्तूंवर माहेरचं पूर्ण नाव घातलं. कोळशाच्या बादलीवर, छत्रीच्या दांड्यावर, लाटण्यावर, केटुरा. कुणी लाडाने किटी म्हटलं तरी ती ओ द्यायची नाही.

"आई, मी चार वर्षं इथे येतोय," मी नंतर चहाच्या टेबलावर म्हणालो. "तू एका शब्दाने बोलली नाहीस."

"तू इतका खुशीत असायचास रे. बुधवारी सकाळी टाय बांधून निघायचास. म्हटलं, असू दे." तिने स्कोनच्या गोड पावावर मलई लावली. "पण आज त्या भिंतीवर वाचलं आणि राहवेना. रॉयस्टन, मला तिचं नाव तिथे बघायचंय. तिचं. जेनचं नको. एकदा डोळ्यांनी बघेन, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"लावतो की," मी म्हणालो. "त्यात काय एवढं."

माणसाच्या आयुष्यातली सगळी संकटं या तीन शब्दांनी सुरू होतात.

डेरेकने त्याच संध्याकाळी ड्रिल आणून दिलं. माझी बायको मॉरीन म्हणाली, "आधी विचार. परक्याच्या भिंतीला भोकं पाडू नयेत." मॉरीनचं ऐकलं हीच चूक झाली. न विचारता पाटी लावली असती तर पाच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण मी सरळमार्गी. रीतसर अर्ज केला.

संग्रहालयाच्या समितीची सभा लार्चमाउंटच्या जेवणघरात भरते, मात्र जेवणाच्या टेबलाशी नाही. टेबल ऐतिहासिक आहे. आम्ही घडीच्या खुर्च्यांवर गुडघ्यांवर कागद ठेवून बसतो. अध्यक्षा मिसेस ड्रान्सफील्ड. वय एकोणऐंशी, या घरात जन्मलेली शेवटची व्यक्ती, लग्नानंतरही ड्रान्सफील्डच राहिलेल्या, हल्ली फाटकाशेजारच्या छोट्या घरात राहतात. कुणी त्यांना पहिल्या नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. सचिव मिस्टर व्हाइटली, लॅटिनचे निवृत्त मास्तर. आग लागली तरी हे गृहस्थ आधी 'आग' या शब्दापुढचा स्वल्पविराम बघतील.

"बोला लेनर्ड," मिसेस ड्रान्सफील्ड म्हणाल्या.

आता हे लेनर्ड प्रकरण सांगायला हवं. मी इथे आलो तेव्हा माझ्या आधीचे लेनर्ड नावाचे गृहस्थ स्पेनला राहायला गेले होते. बिल्ले एकदम चोवीस छापून घेतलेले, त्यात नवीन एकच बिल्ला कसा छापणार? व्हाइटली म्हणाले, तात्पुरता हा लावा. मी लावला. चार वर्षं माझ्या छातीवर लेनर्ड आहे. पहिल्या महिन्यात सांगायला संकोच वाटला, आणि वर्षभरानंतर सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. शिवाय लेनर्डबद्दल सगळ्यांचं मत चांगलं होतं. असो.

मी उभा राहून पणजीची हकिगत सांगितली. चार जेन म्हटल्याबरोबर खोलीतली हवाच गेली. कारण एकनिष्ठ जेन म्हणजे काही साधी मोलकरीण नव्हे. ती आमचा कणा आहे. दुकानात जेनचे टी-टॉवेल आहेत, जेनच्या लव्हेंडरच्या पिशव्या आहेत, चहाच्या खोलीत जेनचे स्कोन आहेत. कृती मॉरीनची आहे, पण ती गोष्ट वेगळी.

"आमच्या घरातून नोकरमाणसं सोडून जात नसत," मिसेस ड्रान्सफील्ड शांतपणे म्हणाल्या. "माझे वडील हे नेहमी सांगत."

"पुरावा?" व्हाइटलींनी विचारलं.

मी आईच्या बिस्किटाच्या डब्यातलं शिफारसपत्र पुढे केलं. व्हाइटलींनी ते पांढरे हातमोजे घालून वाचलं. "यात लिहिलंय की जेन सग्डन ही मुलगी प्रामाणिक, निर्व्यसनी आणि लवकर उठणारी आहे. म्हणजे जेन इथे होती हे सिद्ध झालं. केटुरा कुठे आहे?"

"तेच तर म्हणतोय. तिचं नाव काढून घेतलं म्हणून ते पत्रात नाही."

"नसलेल्या नावाचा पुरावा नसतो, लेनर्ड."

मग मी लाटणं काढलं. ते मी खास टॉवेलात गुंडाळून नेलं होतं. दांड्यावर तापलेल्या सळईने डागलेली अक्षरं आहेत, केटुरा सग्डन. ते हातोहात फिरलं. सगळ्यांनी ते चांगलं जड आहे असं मत दिलं. व्हाइटलींनी भिंग लावून पाहिलं आणि टिपणात लिहून घेतलं. "यावरून एवढंच सिद्ध होतं," ते म्हणाले, "की लाटण्याचं नाव केटुरा आहे."

मी घरी आलो तेव्हा मॉरीनने माझा चेहरा पाहून काही विचारलं नाही. आईने फोनवर विचारलं. "लागलं का नाव?" मी म्हणालो, "चाललंय." पुढे कित्येक बुधवार ती हेच विचारत राहिली आणि मी हेच सांगत राहिलो.

तिसऱ्या सभेत माझ्या चिकाटीपुढे त्यांनी अर्धी मान तुकवली. एकनिष्ठ जेनचा फलक आहे तिथेच राहील. त्याच्या शेजारी, खालच्या बाजूला, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी एक छोटी पाटी, नगरपालिकेची हरकत नसल्यास, लावायला समितीची हरकत नसावी. मी घरी शेरीची बाटली फोडली. डेरेक ड्रिल घेऊन तयारच होता.

नगरपालिकेची हरकत होती. इमारत वारसा यादीत, म्हणजे तिच्यात टाचणी टोचायची तर परवानगी हवी. वारसा खात्याच्या मिस टँडी आल्या. तिशीतल्या, गोड स्वभावाच्या, आणि पायात भिंतीपेक्षा भक्कम बूट. त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं.

"हा गिलावा तर माझ्या मामाने चौऱ्याहत्तर साली केलाय," मी म्हणालो. "ऐतिहासिक नाहीच तो."

"आता आहे ना," त्या म्हणाल्या. "तुमचे मामाही आता या घराच्या इतिहासाचा भाग आहेत." मामाबद्दल इतकं चांगलं आमच्या घरात आजवर कुणी बोललेलं नाही.

अर्ज चौदा पानी होता. त्यात एक प्रश्न होता, 'नियोजित कामामुळे वास्तूच्या महत्त्वाला किती बाधा पोहोचेल?' मी लिहिलं, दोन भोकं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, भोकांचा व्यास, खोली आणि समर्थन जोडावे. भोकाचं समर्थन कसं करतात हे मला पाणीखात्यात कुणी शिकवलं नव्हतं. डेरेक म्हणाला, "लिही की भोक नसेल तर स्क्रू बसत नाही." मी लिहिलं. अर्ज फेटाळला गेला.

मग मी म्हटलं, भिंतीला हातच नको. तुळईला जुना हुक आहे, त्यावर पाटी टांगू. व्हाइटली म्हणाले, हुकाला नोंदणी क्रमांक आहे. हुक ही प्रदर्शनीय वस्तू, तिचा वापर करता येत नाही. बरं, जमिनीवर स्टँड ठेवू. अग्निशमनवाल्यांनी कळवलं की स्टँड सुटकेच्या वाटेत येतो. पाटी टेबलावर ठेवायची तर ओरखडा पडू नये म्हणून खाली कागद हवा, आणि झुरळं-कसर बघणाऱ्या सल्लागारांना तो कागद चालेना. इतक्या सगळ्यांना काळजी वाटावी असं घर आपल्या गावात आहे, याचा मला त्याही अवस्थेत अभिमान वाटला, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटी मी मॉरीनचा स्टँड नेला. ती गावच्या ब्रास बँडमध्ये हॉर्न वाजवते, त्याच्या नोटेशनचा हा घडीचा स्टँड. सुटकेच्या वाटेबाहेर, बरोबर कोपऱ्यात उभा केला. नुसतं बघायचं होतं, कसं दिसतं ते. त्याच्या तीन पायांपैकी एक पाय मॉरीनने गेली तीन वर्षं रबरबँडने बांधून ठेवला होता. ही माहिती मला तिने नंतर दिली. स्टँड वाकला, हळूच, अदबीने, आणि पाव ठेवायच्या मातीच्या बरणीवर पडला. बरणी फुटली. ती बरणी थोरल्या बाईसाहेबांच्या लग्नातली.

मी डेरेकला फोन केला. तो पाच मिनिटांत आला, सोबत असली गोंदाची नळी की जिने म्हणे जहाजं चिकटवतात. आम्ही बरणी इतकी सुंदर जोडली की भेग दिसेना. दोघंही मागे सरून बघत राहिलो. मग डेरेकने ती जागेवर सरकवायला हात लावला आणि म्हणाला, "रॉय, टेबल कुणी धरलंय का?"

कुणी धरलं नव्हतं. बरणी टेबलाला चिकटून बसली होती. आजही बसली आहे. नोंदवहीत आता तो एकच नग आहे, 'टेबल, बरणीसह'.

मिसेस ड्रान्सफील्ड ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बरणीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लेनर्ड, मला वाटतं तुम्ही थोडे दिवस छत्र्या सांभाळाव्यात." ज्याने चार वर्षं ती चूल आरशासारखी ठेवली, त्या माणसाला दाराशी बसवून छत्र्यांचे बिल्ले वाटायला लावलं. आणि त्या पावसाळी हिवाळ्यात छत्र्या काय कमी होत्या?

जानेवारीत आईची छाती भरली. दहा दिवस ती हॉस्पिटलात होती. मी पलंगाशी बसलो की ती डोळे उघडून विचारायची, "लागलं का?" खोटं सांगायचं मनात यायचं, पण मान आपोआप नाही म्हणून हलायची. ती म्हणायची, "मग मला बरं व्हायलाच हवं," आणि कूस बदलायची. मला त्या दिवसांत फार भीती वाटली. पाटीच्या भानगडीचं मला तोपर्यंत हसू येत होतं. ते तिथे संपलं.

बरी होऊन ती आमच्याकडे राहायला आली. रिकामं बसवत नाही म्हणून माझ्या कोटाचं सुटलेलं बटण लावायला घेतलं.

"हा लेनर्ड कोण?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. हसत हसत सांगितलं, कारण तो किस्सा मी बाहेर चांगला रंगवून सांगतो. आई हसली नाही. तिने दोरा दातांनी तोडला.

"आजीला पगार हवा होता," ती म्हणाली. "घरी सहा भावंडं होती. म्हणून ती जेन झाली. तुला काय हवं होतं रे?"

सत्तर वर्षांच्या माणसाला आईने असं काही विचारू नये. मी कोट चढवला, बिल्ला खिशात घातला आणि तडक फाटकाशेजारच्या घरी गेलो. वाटेत तीन वेळा परत फिरावंसं वाटलं. दार मिसेस ड्रान्सफील्डनीच उघडलं.

"माझं नाव रॉयस्टन आहे," मी दारातच सांगून टाकलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कधीपासून?"

"जन्मापासून."

"आत या," त्या म्हणाल्या. त्यांनी मला खुर्ची दाखवली. मग त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी लहान असताना बाबा सांगायचे, जेन घर सोडून गेली तेव्हा मागच्या दारात उभी राहून रडली. मला ती गोष्ट फार आवडायची. मी ती पुन्हापुन्हा सांगायला लावायची. आता तुम्ही म्हणता चार होत्या. मग रडली कोण?"

मला वाईट वाटलं. पण आज खोटं बोलायचा दिवस नव्हता. "बाकीच्यांचं मला माहीत नाही. आमची रडली नाही. आई म्हणते, फाटकाबाहेर गेल्यावर तिने टोपी काढून हातात घेतली आणि तीन मैल चॅपलमधली गाणी गात घरी गेली."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

"बरणीबद्दल मी तुम्हाला क्षमा केलेली नाही, मिस्टर रॉयस्टन," मी निघताना त्या म्हणाल्या. पण नाव बरोबर घेतलं.

आणि मग ज्या मिस टँडींनी मला चौदा पानी अर्ज भरायला लावला होता, त्यांनीच वाट काढून दिली. त्यांनी कळवलं की त्या भिंतीत दोन कायदेशीर भोकं आधीपासून आहेत, पन्नास वर्षांपूर्वीची, यादीत नोंदलेली. त्यांवर सध्या एकनिष्ठ जेनचा फलक टांगलेला आहे. तो उतरवला तर त्याच भोकांत दुसरी पाटी बसवायला त्यांची काहीच हरकत नाही. पण जेनला खाली उतरवायचं कुणी? सभेत कुणी कुणाकडे बघेना. मिसेस ड्रान्सफील्ड उठल्या, खाली स्वयंपाकघरात गेल्या आणि फलक स्वतः हुकांवरून काढून काखेत धरून वर आल्या. "व्हाइटली, मजकूर करा," त्या म्हणाल्या आणि बसल्या. मला त्या बाईचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

मजकूर व्हाइटलींनी केला, हे आमचं दुर्दैव. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी, उन्हाळी मोसमाच्या पहिल्या दिवशी, आई खाली स्वयंपाकघरात भिंतीपुढे उभी राहिली आणि भिंगातून तिने वाचलं. 'या स्वयंपाकघरात बहुधा चार मोलकरणींनी काम केले. त्यांपैकी तिसरीचे नाव, बहुधा, केटुरा सग्डन असावे. ती येथे बहुधा सहा वर्षे होती.'

ते तीन 'बहुधा' पुढच्याच सभेत एकमताने काढले गेले, तेही इथेच सांगून टाकतो, कारण शेवटी सांगण्यासारखं मला वेगळं आहे. पण त्या सकाळी ते तिथे होते. आईने भिंग पर्समध्ये ठेवलं. "तीन बहुधा," ती म्हणाली. "आणि नाव एक. बहुधा चूल घासत होती का ती?" ती तिथल्या स्टुलावर बसली. चौदा महिने धडपडून मी तिला हे दाखवलं होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात वरून घंटा वाजली. मोसमाच्या पहिल्या दिवशी मिसेस ड्रान्सफील्ड दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर घंटेची दोरी ओढून दाखवतात. खाली स्वयंपाकघरात भिंतीवर त्या खोलीची घंटा हलते, वरून त्या जिन्यात येऊन "जेन" अशी हाक मारतात, आणि टोपी-एप्रन घातलेली मॉरीन रिकामा ट्रे घेऊन वर जाते. लोकांना ते फार आवडतं. त्याही दिवशी जुन्या सवयीने त्यांनी हाक मारली. "जेन."

मॉरीन ट्रे उचलून निघाली. आईने बसल्या जागेवरून तिच्या एप्रनची नाडी धरली.

"थांब गं," ती म्हणाली.

घंटा पुन्हा वाजली. वर जिन्यात तीस माणसं उभी असावीत, त्यांच्या पायांचा आवाज येत होता. "जेन?"

आईने नाडी सोडली नाही. मॉरीन माझ्याकडे बघते, मी मॉरीनकडे. वरचे पायही थांबले. मग जिन्यातून मिसेस ड्रान्सफील्डचा आवाज आला, जरा घोगरा, पण स्पष्ट, सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

"केटुरा. केटुरा सग्डन."

आई उठली. तिने माझा हात नको म्हणून झटकला. त्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर ती दोन पाय टेकवून थांबली. तीस माणसांनी भिंतीला चिकटून वाट करून दिली. दिवाणखान्याच्या दारात पोहोचून तिने श्वास घेतला.

"मी तिची नात. नोरा," ती म्हणाली. "काय हवंय?"

मिसेस ड्रान्सफील्डनी खिडकीजवळच्या मखमली खुर्चीवरचं काटेरी बोंड उचललं. लोकांनी बसू नये म्हणून आम्ही प्रत्येक खुर्चीवर ते ठेवतो. त्या खुर्चीत साठ वर्षांत कुणी बसलं नव्हतं. "बसा," त्या म्हणाल्या. व्हाइटलींच्या तोंडून काहीतरी निघालं, पण त्यांनी ते गिळलं. आई बसली, खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून, ताठ. माझी आई किती देखणी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"चहा घ्याल?" मिसेस ड्रान्सफील्डनी विचारलं.

"घेईन की."

"मी आणते." आणि त्या खरंच निघाल्या, एकट्या, मागच्या जिन्याने, खाली. त्यांच्या आयुष्यात त्या जिन्याने चहा आणायला त्या कधी गेल्या नसतील. आम्ही सगळे तसेच उभे. आईने खोलीभर नजर फिरवली, चष्मा, पुस्तक, आरसे. मग शेजारी लोंबणारी घंटेची दोरी तिला दिसली. तिने हात लांब करून ती ओढली. खाली घंटा वाजली.

"आले," खालून आवाज आला. मिसेस ड्रान्सफील्ड जिन्याच्या तळाशी येऊन वर बघत उभ्या राहिल्या. हातात किटली होती.

आई उठून दारात आली आणि तिने वाकून खाली पाहिलं.

"तुझं नाव काय गं?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्यांना बहुधा कुणी विचारलं नव्हतं.

"ऑगस्टा," त्या म्हणाल्या.

"छान नाव आहे," आई म्हणाली. "ऑगस्टा, साखर दोन चमचे."